तपकिरी रेघ

पॅराफिनचा ब्लॉक बर्फावर गार झाला की मायक्रोटोमचं पातं बिनबोभाट चालतं. चार मायक्रॉनचा काप रिबिनीसारखा सुटत येतो. तो कोमट पाण्यावर सोडायचा, सुरकुती गेली की काचपट्टीवर झेलायचा. गाठ मोठ्या आतड्याची आहे. ऑपरेशन झालंय; घरच्यांचा प्रश्न एकच, परत येईल का?

2007 मध्ये टोरंटो आणि रोम इथल्या दोन गटांनी दाखवलं, की अशा गाठीतल्या सीडी133 हे प्रथिन बाळगणाऱ्या मोजक्या पेशी उंदरात पुन्हा गाठ उभी करतात. जणू बियाणंच. तेव्हापासून कर्करोगाच्या मूळपेशी मानल्या गेलेल्या या पेशी रंगवून मोजणं आणि त्यावरून रुग्णाचं पुढचं सांगू पाहणं सुरू झालं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या संशोधकांना हे प्रथिन नसलेल्या पेशींपासूनही गाठ होताना दिसली.

फॉर्मलिनने आवळलेली प्रथिनं प्रेशर कुकरमध्ये, सायट्रेटच्या द्रावणात मोकळी करायची. मग अँटिबॉडी, मग रंग. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथीच्या पोकळीकडच्या कडेला काजळाच्या बोटासारखी तपकिरी रेघ उमटते. पोकळीतला मेलेल्या पेशींचा गाळही तपकिरी होतो, तो मोजायचा नाही. शेजारची ग्रंथी मात्र निळीच.

"चाळीस टक्के पेशी रंगल्यात," मी म्हणते.

"छे गं, साठ तरी असतील," सहकारी म्हणते.

काही अभ्यासांत सीमारेषा 50 टक्क्यांची, काहींत 10 ची. आमच्या दोघींच्या नजरेतल्या फरकाने एक माणूस धोक्याच्या गटात जातो किंवा सुटतो. याची मला फार धास्ती वाटते.

एकदा काप अगदी फिका आला. कंट्रोल म्हणून लावलेलं मूत्रपिंड झकास रंगलं होतं, म्हणजे रंग ठीक होता. चौकशी केली तर आतडं शनिवारी संध्याकाळी आलेलं, न उघडता तसंच फॉर्मलिनमध्ये बुडवून ठेवलेलं. फॉर्मलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं; तोवर आतल्या पेशी खराब होऊ लागतात. गाठीच्या बाहेरच्या कडेचा दुसरा ब्लॉक कापला, त्यात रेघ स्वच्छ दिसली. पहिल्यावर थांबले असते, तर 'निगेटिव्ह' लिहून मोकळी झाले असते.

अनेक अभ्यास एकत्र केले, तर सीडी133 जास्त असलेल्यांचं आयुर्मान सरासरीने कमी भरतं. पण समोर बसलेल्या एका माणसाला ही सरासरी कशी सांगायची? म्हणून आमच्याकडे तो आकडा संशोधनाच्या वहीत जातो, रिपोर्टमध्ये नाही. रिपोर्टसाठी मी हातमोजे चढवून आतड्याभोवतीची चरबी पुन्हा बोटांनी चाचपायला बसते. गाठ पसरली आहे का हे सांगायला निदान 12 लसीकाग्रंथी तपासायला हव्यात. आत्तापर्यंत नऊ सापडल्यात.