‘नाही’ आणि ‘माहीत नाही’

लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर व पुष्पगुच्छ आणू नयेत’ असं छापलेलं असतं. ‘दोन्ही एकदम आणू नका, नुसतं पाकीट चालेल’ असा अर्थ त्यातून कुणी काढत नाही. (पाकीट देणारे देतातच, पण व्याकरणाच्या आधारावर नव्हे.) तर्कशास्त्राला मात्र तोही अर्थ चालतो. मदुराईत जन्मलेल्या ऑगस्टस डी मॉर्गनच्या नावानं ओळखला जाणारा नियम सांगतो, की ‘अ आणि ब’ हे जोडविधान नाकारलं तर दोहोंपैकी किमान एक खोटं ठरतं. दोन्ही खोटी असायलाच हवीत असं नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १५ मार्च २०२४ रोजी अशाच एका ‘आणि’वर निकाल लागला. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतल्या ठरीव किमान शिक्षेतून सुटण्याची वाट २०१८च्या कायद्यानं रुंद केली होती. अट अशी, की आरोपीच्या खाती जुन्या गुन्ह्यांचे ४पेक्षा जास्त गुण, ३ गुणांचा एखादा गुन्हा आणि २ गुणांचा एखादा हिंसक गुन्हा नसावा. तिन्ही असतील तरच सवलत जाते, की एक असला तरी? पल्सिफर खटल्यातल्या आरोपीकडे पहिल्या दोन गोष्टी होत्या, तिसरी नव्हती. ६ विरुद्ध ३ मतांनी तो हरला. न्यायमूर्ती एलेना केगन यांचा एक मुद्दा शाळकरी बेरजेचा होता. दुसरी आणि तिसरी गोष्ट ज्याच्याकडे आहे त्याचे ३ आणि २ मिळून ५ गुण होतातच. मग ४ गुणांची वेगळी अट लिहिलीच कशाला?

असली भांडणं मसुद्यातच मिटावीत, असं लेमन ॲलन ‘येल लॉ जर्नल’मध्ये १९५७ सालीच सांगत होता. ‘वाजवी’, ‘पुरेसा’ हे शब्द कायदा करणारे पुष्कळदा मुद्दाम सैल ठेवतात. ‘आणि’, ‘जर’, ‘खेरीज’ यांचा सैलपणा मात्र कुणी ठरवून ठेवलेला नसतो. तो नुसता राहून जातो. तो चिन्हांनी बांधून टाका, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

अख्खा कायदा बांधायला घेतला तो लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात. मारेक सर्गट, फरिबा सादरी, रॉबर्ट कोवाल्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८१चा ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायदा प्रोलॉग या संगणकभाषेत उतरवला; त्यावरचा लेख १९८६मध्ये आला. पहिलं कलम सरळ वाटतं. कायदा लागू झाल्यावर, म्हणजे १ जानेवारी १९८३पासून, ब्रिटनमध्ये जन्मलेलं मूल नागरिक ठरतं, जर जन्माच्या वेळी आई किंवा बाप नागरिक असेल किंवा तिथं स्थायिक असेल. आता आई नागरिक आहे का, हे पाहायला पुन्हा कायद्यातच शिरावं लागतं, आणि मग कदाचित आजीपर्यंत. यंत्राला त्याचा कंटाळा नाही.

पेच पुढच्या पोटकलमात आहे. रस्त्यावर टाकून दिलेलं नवजात मूल सापडलं, तर ‘विरुद्ध सिद्ध न झाल्यास’ ते तिथंच आणि पात्र आईबापांच्या पोटी जन्मलं असं मानायचं. प्रोलॉगमध्ये जे सिद्ध करता येत नाही ते खोटं धरायची सोय आहे, आणि इथं ती चपखल बसते: काही माहिती नाही, म्हणून मूल नागरिक. पण उद्या आईबाप सापडले आणि दोघंही अपात्र निघाले तर? काढलेला निष्कर्ष परत घ्यावा लागतो. भूमितीत सिद्ध झालेलं प्रमेय नवी माहिती आली म्हणून मागं घेत नाहीत. मधल्या दिवसांत ते मूल कोण होतं, हा प्रश्न तर वेगळाच. मला या साऱ्या प्रयोगाची खरी कमाई हीच वाटते: यंत्रानं उत्तर दिलं म्हणून नव्हे, तर नियम लिहिताना लिहिणाऱ्याला थांबावं लागलं म्हणून.

हीच सोय शेजारच्या कलमात लावली की घात होतो. बाप स्थायिक असल्याचा कागद सापडला नाही, म्हणून तो स्थायिक नव्हता? ‘माहीत नाही’चं ‘नाही’ कुणाच्या बाजूनं करायचं, हे तर्क ठरवत नाही. पुराव्याचा भार कुणावर, हे कायद्यानं सांगावं लागतं. आपला १९५५चा नागरिकत्व कायदा घ्या. १ जुलै १९८७च्या आधी भारतात जन्मलेल्याला साधारणपणे जन्म पुरतो, नंतरच्याला आई किंवा बाप नागरिक लागतो, आणि ३ डिसेंबर २००४पासून दोघंही. एकच असेल तर दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. तारखा प्रोलॉगमध्ये दहा मिनिटांत बसतात. तो शेवटचा ‘नसावा’ बसत नाही.

नियम आणि त्याचा अपवाद ही जोडी आपल्याकडे जुनी आहे. उत्सर्ग आणि अपवाद यांचा विचार मीमांसकांनी आणि वैयाकरणांनी बारकाईनं केला. मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेल्या पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात मीमांसेला जागा दिली, ती धर्मशास्त्राचा अर्थ लावायची हत्यारं तिथंच घडली म्हणून. फ्रान्समध्ये संगणक संशोधक आणि कायदेतज्ज्ञांनी मिळून बनवलेली काताला ही भाषा याच आकाराची आहे: आधी सामान्य नियम, मग त्याला हटवणारा अपवाद, आणि शेजारी कायद्याचं मूळ वाक्य. वकील आणि प्रोग्रॅमर शेजारी बसून ती लिहितात. कायद्याची घडण न मोडता त्याला यंत्रात नेण्याचा इतका सरळ प्रयत्न मला दुसरा दिसत नाही.

असा वकील शेजारी नसला की काय होतं, ते ऑस्ट्रेलियात दिसलं. तिथं बेकारभत्ता दर पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. २०१६पासून सरकारी यंत्रणेनं करखात्याकडची वर्षाची कमाई घेऊन तिला २६नं भागलं आणि फरक निघाला तिथं वसुलीच्या नोटिसा धाडल्या. ‘रोबोडेट’ हे त्याचं लोकांच्या तोंडचं नाव. चार महिने राबून आठ महिने बेकार असलेला माणूस त्या सरासरीत वर्षभर कमावता दिसू लागला. २०१९मध्ये न्यायालयात ही पद्धत बेकायदा ठरली, चौकशी आयोगाचा अहवाल २०२३मध्ये आला. झळ ४ लाखांहून अधिक लोकांना बसली होती. भागाकार अचूक होता. पण पंधरवड्याची कमाई माहीत नव्हती, तिथं सरासरी खरी धरली गेली, आणि ती खोटी ठरवण्यासाठी लोक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या शोधत बसले. सापडलेल्या तान्ह्या बाळासाठी ‘विरुद्ध सिद्ध न झाल्यास’ हे शब्द ब्रिटिश संसदेनं लिहिले होते. इथं ते कोणत्याही कलमात नव्हते.