आधी एकच तार तुटते

क्रेनच्या हुकाला चार-पाच टन लोखंड लटकतं आणि ते पेलणारा तारांचा दोर असतो जेमतेम अंगठ्याएवढा जाड. काम सुरू होण्याआधी, दोरावर भार नसताना, जाणता खलाशी त्यावरून फडकं फिरवतो. उघडा हात कधीच नाही. फडक्याचा धागा जिथे अडकतो तिथे तो थांबतो आणि वाकून बघतो. एक तार तुटून तिचं टोक वर आलेलं असतं. तो तुटकी टोकं मोजतो.

एवढ्या तारा तुटूनही दोर शाबूत कसा, हे मला अजूनही नवल वाटतं. जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातल्या क्लाउस्टाल इथे विल्हेल्म आल्बर्ट हा खाण-अधिकारी साखळ्यांच्या तुटण्याने हैराण झाला होता. साखळीची एक कडी गेली की सगळंच गेलं. 1834 मध्ये त्याने लोखंडी तारांचा दोर वळून घेतला: चार-चार तारांचे तीन पेड. बारांतली एक तुटली तरी अकरा उरतात! आजच्या क्रेनच्या दोरात अनेकदा सहा पेड आणि प्रत्येकात छत्तीस तारा, म्हणजे 216 तारा असतात.

खरी करामत पिळात आहे. भार आला की पीळ आवळतो, तारा एकमेकींवर दाबल्या जातात. त्यामुळे तुटलेली तार तुटल्या जागी निकामी होते, पण थोडं पुढे गेल्यावर शेजारणींच्या घर्षणाने पकडली जाऊन पुन्हा आपला वाटा उचलू लागते. म्हणूनच तुटक्या तारा दोरभर विखुरलेल्या असणं वेगळं आणि एकाच जागी गोळा झालेल्या असणं वेगळं. ओझ्याला बांधायच्या तारेच्या दोरासाठी, म्हणजे स्लिंगसाठी, अमेरिकेतला एक प्रचलित नियम असा: पेडाच्या एका पूर्ण वेढ्याच्या लांबीत दहा तारा तुटल्या, किंवा एकाच पेडात पाच, की स्लिंग बाद.

आतल्या तारा मात्र फडक्याला सापडत नाहीत. त्यासाठी व्हर्नियरने जाडी मोजायची. दोर बारीक झाला असेल तर आतला गाभा खचलेला असू शकतो. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्याने अशा दोर-साखळ्यांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी सक्तीची केली. ती हवीच. पण रोज राबणाऱ्या दोरासाठी वर्ष फार लांब असतं. माझा जास्त भरवसा रोज सकाळच्या त्या फडक्यावर आहे.

थोडं थोडं तुटून जीव वाचवण्याची हीच युक्ती उंचावर काम करणाऱ्याच्या सेफ्टी बेल्टमध्ये आहे. बेल्टच्या दोरीला एक छोटं पाकीट असतं, त्यात घडी घालून शिवलेली पट्टी. माणूस पडला की तिचे टाके एकामागून एक उसवत जातात आणि अंगावरचा झटका 6 किलोन्यूटनच्या आत, म्हणजे साधारण 600 किलोच्या भाराएवढा राहतो. एकदा उसवलेलं पाकीट पुन्हा शिवत नाहीत, बेल्टच्या दोरीसकट टाकून देतात.

पण उसवायला जागा लागते. दोन मीटरची दोरी, पावणेदोन मीटरपर्यंत उसवणारी पट्टी, त्याखाली माणसाचं अंग आणि वर थोडी सूट. दोरीचा हुक पायाशी अडकवला तर खाली सहा मीटरांहून जास्त मोकळी जागा हवी. पहिल्या मजल्यावर ती मिळत नाही. टाके उसवून संपण्याआधीच जमीन येते. म्हणून हुक डोक्याच्या वर, दोरी ताठ राहील असा अडकवायचा. मग पाय घसरला तरी माणूस वीतभरच खाली येतो, आणि पाकिटातले टाके बहुधा तसेच राहतात.