विश्लेषण : जागतिक बँकेचे पथक सांगलीत येते, तेव्हा नेमके काय ठरते?

कृष्णाकाठच्या पुरावर उपाय शोधण्यासाठी जागतिक बँकेची पथके गेल्या काही वर्षांत सांगली आणि कोल्हापूरला येऊन गेली. पथक आले की बातमी येते, नदीकाठी अधिकारी आणि पाहुणे नकाशा पसरून उभे असल्याचे छायाचित्र येते आणि ‘प्रगतीबाबत समाधान’ अशी एखादी ओळ येते. आयर्विन पुलावरची पट्टी बघून सामान माळ्यावर चढवणाऱ्या माणसाला त्यातून फारसे काही कळत नाही. हे पैसे मदत आहेत की कर्ज? फेडायचे कोणी? प्रगती ठरवते कोण, आणि कशाच्या आधारावर? साताऱ्यातील कोयना धरणामुळे या भागाला अशा कर्जाचा साठ वर्षांहून जुना अनुभव आहे. त्याच्या आधारे या प्रश्नांची ही उत्तरे.

हा कार्यक्रम काय आहे?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. तेथे इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून अनेकांचा जीव गेला. त्यानंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५४ फुटांच्या पुढे गेले. त्याच दिवसांत सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळल्या.

या पार्श्वभूमीवर राज्य सरकारने जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने ‘महाराष्ट्र रेझिलियन्स डेव्हलपमेंट प्रोग्राम’ म्हणजेच एमआरडीपी आखला. कृष्णा-भीमा खोऱ्यातील पूरनियंत्रण हा त्याचा गाभा. आकडा तीन हजार कोटींच्या घरातला, आणि त्यातला मोठा वाटा बँकेच्या कर्जाचा. जलसंपदा विभागाबरोबर राज्याची ‘मित्र’ ही संस्था त्यावर काम करते. पुराचे जादा पाणी दुष्काळी भागाकडे वळवणे ही त्यातली सर्वाधिक चर्चेतली कल्पना. ज्या सांगली जिल्ह्यात मिरज-वाळव्यात पूर येतो, त्याच जिल्ह्यात जत-आटपाडीला टँकर लागतो. साताऱ्यातही पाटण-महाबळेश्वरचा पाऊस आणि माण-खटावचा दुष्काळ एकाच जिल्ह्यात आहेत. त्यामुळे ही कल्पना लोकांना लगेच पटते.

ही मदत आहे की कर्ज?

बोलताना आपण ‘जागतिक बँकेचा निधी’ म्हणतो, पण हे कर्ज आहे. बँकेच्या दोन प्रमुख खिडक्या आहेत. गरीब देशांना अतिशय सवलतीत पैसे देणारी ‘आयडीए’ आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना कर्ज देणारी ‘आयबीआरडी’. भारत २०१४ मध्ये ‘आयडीए’च्या निकषांतून बाहेर पडला. आता मिळणारे कर्ज प्रामुख्याने ‘आयबीआरडी’चे असते आणि त्याचे व्याज अमेरिकी बाजारातील ‘सोफर’सारख्या संदर्भदराशी जोडलेले असते.

करार करते केंद्र सरकार, पण भार येतो राज्यावर. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर, २००५ पासून, सर्वसाधारण राज्यांना परदेशी कर्ज जसेच्या तसे पुढे दिले जाते. म्हणजे व्याजदर, मुदत आणि विनिमय दराची जोखीम राज्याच्याच माथी.

ही जोखीम किती मोठी असू शकते, याचे उदाहरण कोयनेच्या कर्जातच सापडते. १९५९ मध्ये बँकेने कोयना प्रकल्पासाठी २.५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. तेव्हा एक डॉलर ४.७६ रुपयांचा होता, म्हणजे मुद्दल सुमारे ११.९ कोटी रुपये. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ७.५० रुपयांचा झाला. तेच मुद्दल एका दिवसात १८.७५ कोटी रुपयांचे झाले. धरणाची भिंत एक इंचानेही वाढली नव्हती, कर्ज मात्र दीडपटीहून अधिक झाले.

चर्चेला कोण बसते?

टेबलाला तीन बाजू असतात. केंद्रीय अर्थ मंत्रालयाचा आर्थिक कामकाज विभाग, राज्य सरकार आणि बँक. आधी प्रस्ताव केंद्राच्या चाळणीतून जातो. मग बँकेची पथके तांत्रिक, आर्थिक, पर्यावरणीय तपासणी करतात. वाटाघाटींत एकेका कलमावर चर्चा होऊन इतिवृत्तावर सह्या होतात. त्यानंतर प्रस्ताव वॉशिंग्टनला बँकेच्या संचालक मंडळापुढे जातो. तेथे भारताचा संचालक बांगलादेश, भूतान आणि श्रीलंकेचीही बाजू मांडतो. शेवटी कर्जाचा करार केंद्र करते आणि अंमलबजावणीचा करार राज्य.

परदेशी पैशाची चर्चा ही राजनैतिक चर्चाच असते, हे कोयनेच्या काळात अधिक उघड दिसत होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत परकीय चलन आटले, तेव्हा ऑगस्ट १९५८ मध्ये जागतिक बँकेने भारताला मदत करणाऱ्या देशांना वॉशिंग्टनमध्ये एकत्र बोलावले. पुढे ‘एड इंडिया कन्सोर्शियम’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गटाची ती सुरुवात. भारताची योजना कुठवर आली, पैसे किती लागतील, कोणता देश किती देणार, यावर तेथे चर्चा होई. पुढच्याच वर्षी कोयनेचे कर्ज मंजूर झाले. कर्ज आले मुंबई राज्याच्या काळात, आणि १ मे १९६० नंतर धरण पुरे करण्याची जबाबदारी नव्या महाराष्ट्रावर आली.

‘प्रगती’ मोजतात कशी?

करार झाल्यावर बँकेचे पथक साधारण वर्षातून दोनदा येते. प्रत्यक्ष पाहणी, विभागवार बैठका आणि शेवटी समारोपाची बैठक होते. दौऱ्याचे निष्कर्ष ‘एड मेमॉयर’ नावाच्या स्मरणटिपणात लिहिले जातात. कोणती निविदा अडली, कोणते पद रिकामे आहे, भूसंपादन कुठे थांबले, पुढच्या भेटीपूर्वी कोणी काय करायचे, हे सगळे त्यात तारखांसह असते. बातमीतल्या ‘समाधाना’पेक्षा या टिपणातली तारखांची यादी जास्त बोलकी असते.

त्यानंतर बँक अंमलबजावणीचा स्थिती अहवाल काढते. ‘अत्यंत समाधानकारक’पासून ‘अत्यंत असमाधानकारक’पर्यंत सहा श्रेणी असतात. हा अहवाल बँकेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. कर्जाचा कालावधी अर्धा सरला की मध्यावधी आढावा होतो. त्या वेळी कामे बदलता येतात, रक्कम एका कामाकडून दुसऱ्याकडे वळवता येते, न वापरलेले कर्ज रद्दही करता येते.

उशिराची किंमत वेगळी असते. करार झाला पण पैसे उचलले नाहीत, तरी उरलेल्या रकमेवर बँक वर्षाला साधारण ०.२५ टक्के बांधिलकी शुल्क आकारते. दहा कोटी डॉलर वर्षभर न उचलता पडून राहिले तर अडीच लाख डॉलर द्यावे लागतात. कुलूपबंद खोलीचे भाडे भरावे, तसे.

कोयनेचा अनुभव काय सांगतो?

कोयनेचे पहिले जनित्र १९६२ मध्ये सुरू झाले. चौथ्या टप्प्यासाठी १९८९ मध्ये बँकेने पुन्हा कर्ज दिले. १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाला बोगद्यातून स्फोट करून पाणी घेण्याचा ‘लेक टॅपिंग’चा प्रयोग झाला आणि पुढे एक हजार मेगावॅटची भर पडली. आज कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. वीज विकली जाते, पैसे येतात, त्यातून कर्ज फिटते. येथे प्रगती मोजणे सोपे होते, ती मेगावॅटमध्ये दिसत होती.

पण त्या मोजमापात एक रकाना नव्हता. शिवाजीसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांतील माणसे कुठे जाणार, याचे बंधन घालणारा पुनर्वसन कायदा तेव्हा राज्यात नव्हता, तो १९७६ मध्ये आला. बँकेचेही पुनर्वसनाचे पहिले धोरण १९८० चे. दोन्ही येईपर्यंत धरण भरून कितीतरी पावसाळे उलटले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली, धरणाला तडे गेले आणि भिंत मजबूत करावी लागली. धरणग्रस्तांच्या जमिनीचे प्रश्न मात्र मागे राहिले, आणि त्यासाठी पाटण, कोयनानगर भागातील लोक पुढच्या पिढ्यांतही आंदोलनाला बसत आले. कागदावर प्रकल्प पूर्ण झाला होता. माणसे मोजायची राहून गेली होती.

२०१८ पासून बँकेची नवी पर्यावरणीय व सामाजिक चौकट लागू आहे. बाधितांशी सल्लामसलत, माहिती खुली करणे आणि तक्रार निवारणाची यंत्रणा हे आता कर्जाच्या अटींचा भाग असतात. नदीकाठचे अतिक्रमण काढताना किंवा बोगद्यासाठी जमीन घेताना या अटींचा लोकांना थेट उपयोग होऊ शकतो.

पूरनियंत्रणात अडचण कुठे आहे?

वीजप्रकल्पाचे उत्पन्न दिसते. पूरनियंत्रणाचे फळ म्हणजे न आलेला पूर, आणि तो विकता येत नाही. त्यामुळे किती कोटी खर्च झाले, किती निविदा निघाल्या, यालाच प्रगती म्हणण्याचा मोह होतो.

पाणी वळवण्याचेच गणित पाहू. दिवसभरात एक टीएमसी पाणी वळवायचे तर सुमारे ११,५७४ क्युसेकचा प्रवाह अखंड चालू हवा. कोयना धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी आहे, आणि मोठ्या पावसात एकट्या कोयनेचा विसर्ग कितीतरी दहा हजार क्युसेकने वाढतो. त्यात वारणा आणि मधल्या ओढ्यानाल्यांचे पाणी वेगळे. बोगदा महिनाभर वाहिला तर दुष्काळी भागाला मोठा आधार होईल. पण ऐन महापुराच्या दोन-तीन दिवसांत सांगलीची पातळी त्याने किती फूट उतरेल, हा वेगळा प्रश्न आहे. दोन्ही लाभ एकाच आकड्यात मिसळले, तर सांगलीकरांची फसगत होईल.

पूर उतरवण्याचा तुलनेने स्वस्त मार्ग धरणांच्या वेळापत्रकात आहे. त्याचीही सुरुवात बँकेच्याच पैशातून झाली होती. २००६ ते २०१४ दरम्यानच्या दुसऱ्या जलविज्ञान प्रकल्पात कृष्णा-भीमा खोऱ्यांसाठी पाऊस आणि पाणीपातळीची तत्काळ नोंद घेणारी केंद्रे, पूर अंदाजाचे संगणकीय प्रारूप आणि जलाशय परिचालनाची प्रणाली उभी राहिली. कोयनेतून सोडलेले पाणी कराडमार्गे सांगलीला पोहोचायला साधारण एक दिवस तरी लागतो. अंदाज जितका आधी, तितके पाणी आधी आणि बेताने सोडता येते. अडचण निर्णयाची आहे. जुलैत धरण रिकामे ठेवले आणि नंतर पाऊस रुसला, तर वीज, शेती आणि पिण्याच्या पाण्याचा जाब अधिकाऱ्याला विचारला जातो. ही जोखीम कोणी घ्यायची, हे कोणतेही संगणकीय प्रारूप सांगत नाही.

अलमट्टीचे काय?

कर्नाटकला अलमट्टी धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायची आहे. कृष्णा पाणी वाटपाच्या दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये तशी मुभा दिली. सांगली, कोल्हापूरचा त्याला विरोध आहे आणि वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. हा दोन राज्यांमधला प्रश्न असून बँकेच्या कर्जकरारातून तो सुटणार नाही. मात्र उंची वाढली तर आज केलेले पुराचे हिशोब पुन्हा मांडावे लागतील, हे चर्चेच्या टेबलावर सांगणे राज्याचे काम आहे.

मग वाचकांनी काय पाहावे?

पुढच्या वेळी पथक आल्याची बातमी वाचाल, तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारा. पहिला, २०१९ एवढा पाऊस पुन्हा झाला तर या कामांनंतर आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर थांबेल? दुसरा, घर सोडण्याचा इशारा किती तास आधी मिळेल, आणि तो गावातल्या शेवटच्या घरापर्यंत कोण पोहोचवेल? तिसरा, ज्यांची जमीन किंवा घर या कामात जाईल, त्यांचा मोबदला काम सुरू होण्याआधी मिळणार की नंतर?

हे तिन्ही प्रश्न मोजता येण्याजोगे आहेत आणि कर्जाच्या निष्पत्तींच्या तक्त्यात मागता येण्याजोगेही. स्थिती अहवाल बँकेच्या संकेतस्थळावर मिळतो, राज्याकडील कागद माहिती अधिकारात मागता येतात. ग्रामसभेने आणि महापालिकेच्या सभेने लेखी विचारलेला प्रश्न आढावा बैठकीत टाळणे अवघड जाते.

कर्जाचे हप्ते आज शाळेत असलेली मुले कमावती होईपर्यंत भरावे लागतील. त्यांच्या वाट्याला केवळ हप्ते येऊ नयेत, तर पावसाळ्यात घरातले सामान जागच्या जागी राहावे, एवढी तरी प्रगती मोजली गेली पाहिजे.