होनाजी केंगले यांचं स्मारक कसं असावं?

स्मारकं आणि आपण : लेखांक ६

आंबेगाव तालुक्यातल्या दोन बंडखोरांची आज तुलना करायची आहे. पहिले महाळुंगे पडवळचे बाबू गेनू सैद. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाची लॉरी अडवताना ते तिच्याखाली चिरडले गेले. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्यांचं नाव आहे, आणि त्याबद्दल कुणाच्या मनात किंतु नाही. त्यांनी प्राण दिला, कुणाचा घेतला नाही.

दुसरे जांभोरीचे होनाजी भागूजी केंगले. जांभोरी त्याच तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात आहे. महादेव कोळी समाजातल्या या माणसाने १८७३-७४ च्या सुमारास सावकारांविरुद्ध हत्यार उचललं आणि १८७६ पर्यंत ते खाली ठेवलं नाही. त्याच्या टोळीने सावकारांवर धाडी घातल्या, त्यांची नाकं कापली. इंग्रजांच्या दप्तरात तो दरोडेखोर ठरला. डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर मात्र होनाजींचं नाव आजही आदराने घेतलं जातं.

मागच्या लेखांत आपण राजे, सेनापती आणि पुढारी यांच्या पुतळ्यांवरचे वाद पाहिले. या आठवड्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे. गुलामीविरुद्ध लढताना ज्याने निःशस्त्र माणसाच्या तोंडावर सुरा चालवला, त्याचं सार्वजनिक स्मारक असावं का? असावं, असं माझं मत आहे. पण त्या स्मारकाने होनाजींचं सगळं खरं सांगितलं पाहिजे, नाकांसकट.

गुलामी म्हणायची का?

कंपनी सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामीचा कायदेशीर आधार काढून घेतला. माणसावर मालकी हक्क सांगणारा दावा त्यापुढे कुठल्याही कोर्टात चालणार नव्हता. होनाजींच्या काळातला महादेव कोळी शेतकरी बाजारात विकला जात नव्हता, हे खरं. पण त्याचं पीक, त्याची जमीन आणि अखेरीस त्याचे हातपाय दुसऱ्याच्या ताब्यात कसे जात, ते पाहिल्याशिवाय या बंडाचा अर्थ लागत नाही.

डोंगरात नाचणी, वरई आणि थोडं भात पिकतं. आषाढ-श्रावणात कणग्या रिकाम्या होतात. तेव्हा खाण्यासाठी जे धान्य उसनं आणायचं, ती खावटी. समजा, एका घराने सावकाराकडून एक मण नाचणी आणली. दिढीचा व्यवहार असेल तर सुगीला दीड मण परत द्यायची. एवढ्यावर भागलं तर ठीक. पण पीक कमी आलं आणि अर्धा मण देणं राहिलं, की सावकार त्याचे रुपये करी, तेही पावसाळ्यातल्या चढ्या भावाने. त्या रुपयांचं खत लिहिलं जाई. पुढच्या सुगीला शेतकरी धान्य घेऊन आला, की ते जमा होई सुगीच्या पडत्या भावाने. म्हणजे तेच धान्य घेताना महाग आणि देताना स्वस्त. माप सावकाराचं, वही सावकाराची, लिहिणारा सावकाराचा. शेतकऱ्याने फक्त खाली निशाणी करायची.

त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने भर घातली. साध्या कर्जरोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आली. हेतू कर्जदाराचं भलं करण्याचा होता. सावकारांनी मात्र मुदत संपत आली की जुनं खत फाडून नवं लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि दर वेळी थकलेलं व्याज मुद्दलात चढू लागलं. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही हा दामदुपटीचा जुना दंडक अशा रीतीने कागदावरच निकामी झाला. दावा लागला तर समन्स डोंगरात पोचेपर्यंत तारीख उलटून जाई आणि एकतर्फी हुकूमनामा होई. जमीन सावकाराच्या नावावर जाई आणि कालचा मालक त्याच जमिनीत कूळ म्हणून राबे. पुढे फेडायला काहीच उरलं नाही, की सावकाराच्या घरी वेठ.

पुण्यात महात्मा फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ साली छापलं गेलं. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना त्यांनी ते अर्पण केलं होतं. होनाजींच्या धाडी सुरू झाल्या त्या याच सुमारास. एकाने पुण्यात लेखणी उचलली, दुसऱ्याने जांभोरीच्या डोंगरात हत्यार. दोघे एकाच काळातल्या दास्याशी भांडत होते.

धाडी

मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत होनाजींच्या बंडाची नोंद आहे. ती लिहिणारे त्यांच्या बाजूचे नव्हते. तरीही डोंगरातल्या लोकांना सावकारांनी लुबाडलं होतं, हे त्यांनी मान्य केलं आहे. धाडी इतक्या वाढल्या की सावकार डोंगरातली गावं सोडून पळाले. होनाजींना पकडण्यासाठी बक्षीस लावावं लागलं, जादा पोलीस आणावे लागले. शेवटी १८७६ मध्ये मेजर डॅनियल याने त्यांना पकडलं.

या धाडी चालू असतानाच, १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं आणि घरं लुटली, आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटलं. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते पसरले. तिथल्या लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. खतं ताब्यात घ्यायची आणि जाळायची. माणसांना इजा तुलनेने कमी झाली. डोंगरात मात्र कागदाबरोबर माणूसही सापडला.

नाक कापलेला माणूस मरत नाही. उरलेलं आयुष्य तो तो चेहरा घेऊन जगतो, आणि त्याची बायकोपोरंही. ज्यांची नाकं कापली गेली त्यांच्यात कोण किती दोषी होता, याचा निवाडा कुठल्या पंचापुढे झाला नव्हता. होनाजींचा कैवार घेणाऱ्या प्रत्येकाने, माझ्यासकट, हे वाक्य गिळून टाकता कामा नये.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दंगे झाले, मगच सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. कोर्टाने नुसतं खत पाहून हुकूम न देता मूळ व्यवहार काय होता ते खोदून पाहावं आणि शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, अशा तरतुदी त्यात होत्या. डोंगरातला माणूस जे ओरडून सांगत होता, ते सरकारने कायद्याच्या भाषेत कबूल केलं. त्याआधी अर्ज-विनंत्यांना कुणी विचारलं नव्हतं.

एकच अधिकारी, दोन कैदी

ज्या डॅनियलने होनाजींना पकडलं, त्यानेच जुलै १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांना पकडलं. फडक्यांनीही बंडासाठी पैसा उभा करायला धाडीच घातल्या. शिरूर तालुक्यातल्या धामारीवरची धाड त्यांतलीच. इंग्रजांनी त्यांनाही दरोडेखोरच म्हटलं. पण फडक्यांची स्मारकं आहेत, १९८४ साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं, आणि ते सर्वथा योग्य आहे.

होनाजींना तो मान सहज का मिळत नाही? एक कारण उघड आहे. फडक्यांनी आत्मचरित्र लिहिलं, रोजनिशी ठेवली. आपण हे का केलं, ते त्यांच्याच शब्दांत आपल्याला वाचता येतं. होनाजींबद्दल आपल्याला जे कळतं ते त्यांचा पाठलाग करणाऱ्यांच्या लिखाणातून आणि त्यांच्या लोकांच्या आठवणींतून.

दुसरं कारण जास्त बोचरं आहे. फडक्यांचा शत्रू इंग्रज होता आणि तो निघून गेला. होनाजींचा शत्रू जवळच्या बाजारगावात राहत होता. म्हणून आदिवासी क्रांतिकारकांच्या फलकांवर ‘इंग्रजांविरुद्ध लढा दिला’ एवढंच लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. ते खोटं नाही, कारण सावकाराच्या पाठीशी कोर्ट आणि पोलीस इंग्रजांचेच होते. पण ते अर्धं आहे. सावकार गाळला की खत गाळलं जातं, खत गाळलं की वेठ गाळली जाते, आणि मग हा माणूस नेमका कशासाठी डोंगरात फिरला हेच वाचणाऱ्याला कळत नाही. नाकांची गोष्ट लपवण्याची ही खरी किंमत आहे. हिंसा झाकायला जावं, तर जिच्यातून ती उपजली ती गुलामीही झाकली जाते.

हार्पर्स फेरीचे दोन दगड

अमेरिकेतल्या जॉन ब्राउनवरून हाच वाद दीडशेहून जास्त वर्षं चालू आहे. गुलामगिरीविरुद्ध पेटून उठलेल्या या गोऱ्या माणसाने १८५६ साली कॅन्ससमध्ये गुलामीच्या पाच समर्थकांना घराबाहेर काढून ठार केलं. ऑक्टोबर १८५९ मध्ये त्याने हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर हल्ला केला आणि २ डिसेंबरला तो फासावर गेला. त्या हल्ल्यात त्याच्या माणसांच्या गोळीने पहिला बळी पडला तो हेवर्ड शेफर्ड. तो रेल्वेवर काम करणारा, स्वतः गुलाम नसलेला काळा माणूस होता.

१९३१ साली गुलामीवादी दक्षिणेच्या वारसदार संघटनांनी हार्पर्स फेरीत या शेफर्डचं स्मारक उभारलं. वरवर पाहता ते एका निरपराध बळीचं स्मारक. पण त्यावरचा मजकूर असा होता की काळी माणसं मालकांशी इमानी होती, त्यांना बंड नकोच होतं, असं वाटावं. उत्तर म्हणून डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९३२ साली जॉन ब्राउनच्या गौरवाचा मजकूर लिहिला. तो फलक लावायला तिथल्या कॉलेजने नकार दिला. अखेर २००६ मध्ये तो बसवला गेला.

यातून आपण दोन गोष्टी घेऊ शकतो. बंडखोराच्या हातून ज्यांना इजा झाली त्यांची आठवण ठेवलीच पाहिजे. आणि त्या आठवणीच्या आडून कुणी ‘गुलामी तशी वाईट नव्हती’ असं म्हणू लागला, तर त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं पाहिजे.

स्मारकाचा अर्थ बदलतो, हे पाहायला जुन्नरकरांना अमेरिकेला जायची गरज नाही. शिवनेरीवर कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकात मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची मुंडकी उडवली आणि त्यांच्या ढिगावर चौथरा बांधला, अशी परंपरा सांगते. बांधणाऱ्यांना तिथून जरब बसवायची होती. आज लोक तिथे पूर्वजांपुढे मान लववायला जातात.

मग स्मारक कसं?

माझी सूचना साधी आहे. हातात शस्त्र घेतलेला उंच पुतळा हा सोपा मार्ग झाला. होनाजींच्या स्मारकात सर्वांत मोठी जागा कर्जरोख्याला मिळावी. त्या काळातलं एखादं खत मोडी आणि बाळबोध अशा दोन्ही लिप्यांत लावावं. खावटीच्या एका मणाचं काही वर्षांत काय होई, तो हिशेब शाळेतल्या मुलाला कळेल असा मांडावा. त्याशेजारी धाडींची हकिकत असावी. नाकं कापली, हे स्पष्ट शब्दांत लिहावं. आणि पुढे लिहावं की ही लढाई जातीशी नव्हती, एका व्यवहाराशी होती. सावकारी अनेक जातींच्या लोकांनी केली. त्यांच्या आजच्या वंशजांवर बोट ठेवणं हा होनाजींचा अपमान ठरेल.

मजकूर ठरवायचा अधिकारही योग्य जागी असावा. आंबेगाव आणि जुन्नरचा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. आपली परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला दिला आहे. फलकावरचा शब्द न् शब्द आधी ग्रामसभेत वाचला जावा.

शेवटच्या भिंतीवर तीन नोंदी असाव्यात. संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठ आणि सक्तीचे श्रम यांना बंदी केली. होनाजी पकडले गेल्यावर बरोबर शंभर वर्षांनी, १९७६ साली, वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. आणि आदिवासींना पावसाळ्यात सावकाराच्या दारी जावं लागू नये म्हणून राज्य सरकारने १९७८ मध्ये खावटी कर्ज योजना सुरू केली. होनाजींचा मार्ग आपल्याला पटो वा न पटो, त्यांचं म्हणणं बरोबर होतं, असा निवाडा या देशाच्या कायद्याने केव्हाच दिला आहे.

जुन्नर-आंबेगावच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, माळ्यावरच्या पेटीत, जुनी खतं, रोखे, सावकारी वह्या असतील तर त्या रद्दीत घालू नका. घर शेतकऱ्याचं असो की सावकाराचं, कागद तितकाच मोलाचा आहे. मोडी जाणणाऱ्याकडून तो वाचून घ्या आणि त्याची एक प्रत गावच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवा. होनाजींनी स्वतः लिहून ठेवलेलं आपल्यापाशी काही नाही. त्यांची बाजू मांडणारा पुरावा असेल, तर तो याच कागदांत आहे.