वेशीबाहेरची भवानी पेठ
सोलापूरची रूपाभवानी आणि मागावरची लेकरे

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात. देव्हाऱ्यापुढे नंदादीप तेवू लागतो आणि घटावर पहिली माळ चढते. सोलापुरात याच दिवसापासून आणखी एक व्रत सुरू होते. पहाटेच्या अंधारात नगराच्या नाना पेठांतून आबालवृद्ध अनवाणी निघतात आणि त्या साऱ्यांची पावले भवानी पेठेतील श्रीरूपाभवानीच्या मंदिराकडे वळतात. तुळजापूरच्या जगदंबेचेच हे रूप, अशी सोलापूरकरांची दृढ श्रद्धा आहे. ज्यांना नवरात्रात तुळजापूर गाठणे जमत नाही, ते येथेच आईची ओटी भरून कृतार्थ होतात.

ही पेठ जुन्या तुळजापूर वेशीपलीकडची, तुळजापूरच्या वाटेवरची. वेशीच्या आत गावाचा जुना संसार आणि वेशीबाहेर वाटसरूंचा व कष्टकऱ्यांचा विसावा, अशी आपल्याकडील गावांची ठेवण असे. सोलापूर वाढत गेले, वेशी नावापुरत्या उरल्या आणि एके काळी कडेला असलेली ही वस्ती नगराच्या पोटात सामावली गेली. तरीही वाटेवरच्या वस्तीचा तिचा स्वभाव पालटलेला नाही. येणाऱ्याला ती ठाव देते आणि जाणाऱ्याला निरोप देते.

हा स्वभाव सोलापूरच्या वाढीतूनच घडला. १८६० साली येथे आगगाडी आली. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. पुढे तीच ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पाठोपाठ इतर गिरण्या उभ्या राहिल्या आणि पोटासाठी दूरदूरची माणसे सोलापुरात आली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कन्नड मुलखातून कष्टकरी व व्यापारी आले, आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून मराठी कुटुंबे आली. नगराच्या पूर्वेकडील पेठांत आणि भवानी पेठेच्या परिसरात हातमाग व पुढे यंत्रमाग घराघरांतून लागले. घरातच माग आणि मागाशेजारीच चूल, अशी संसाराची मांडणी झाली. पुरुष मागावर उभा, घरातील वडीलधारी कांड्या भरीत बसलेली, अनेक घरी बायका विड्या वळीत असलेल्या, असे चित्र या भागात पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले. सोलापुरी चादरीची कीर्ती देशोदेशी गेली, ती अशा घरांतील कष्टांच्या बळावर.

नवरात्रात या कष्टांना देवत्वाचा स्पर्श होतो. खंडेनवमीला माग थांबतो. धोटा व यंत्र पुसून त्यावर हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूची माळ चढते. याच सुमारास तेलुगू घरांतील स्त्रिया फुलांचे थर रचून बतुकम्मा मांडतात, तिच्याभोवती फेर धरतात आणि शेवटी तिला पाण्यात निरोप देतात. मराठी आराधी परडी घेऊन जोगवा मागतात. मराठीत जी आई, ती कन्नडात अव्वा आणि तेलुगूत अम्मा. हाका तीन, परंतु ओ देणारी एकच, हे या परिसरातील लहान मुलालाही कळते.

नवरात्र संपले तरी पेठेचा उत्सव संपत नाही. विजयादशमीच्या सीमोल्लंघनानंतर तुळजापूरची देवी श्रमनिद्रा घेते आणि आश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनारूढ होते. त्या दर्शनासाठी लाखो भाविक सोलापूर ते तुळजापूर हे सुमारे ४५ किलोमीटरचे अंतर पायी चालतात. विजापूर, कलबुर्गी येथपासून आलेली कन्नड मंडळीही त्यांत असतात. रूपाभवानीला नमस्कार करून अनेकांची वाटचाल सुरू होते. तामलवाडी मागे टाकून बालाघाटाचा चढ दिसेपर्यंत ‘आई राजा उदो उदो’चा गजर थांबत नाही. या दिवसांत तुळजापूर रस्त्यावरील वाहनांची वर्दळ अन्य मार्गांनी वळविण्यात येते. पौर्णिमेच्या छबिन्यात सोलापूरच्या काठ्यांना मान असतो, ही या नगराची पिढीजात मिरास होय.

अशा वेळी पेठेची खरी कसोटी लागते. सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे नळाच्या पाण्यासाठी तीन-तीन, चार-चार दिवस वाट पाहिली आहे. त्याच नगरात वाटसरूंसाठी पाण्याची पिंपे भरून ठेवली जातात. चहा, फराळ, केळी यांचे वाटप होते. कोणी पायांच्या फोडांना मलम लावीत बसतो. साठवलेल्या पाण्यातील तांब्या परक्याच्या ओंजळीत ओतणे, याहून मोठे देवीपूजन ते कोणते?

तथापि एक चिंता मनाला लागून राहते. जुनी गिरणी केव्हाच बंद पडली. यंत्रमागालाही उतरती कळा लागली आहे. शिकलेली मुले पुण्याकडे जाऊ लागली आहेत. माग उठला की त्याच्याशेजारी एकत्र नांदणारे घरही पांगते. मंदिराचे शिखर उंच होईल, रोषणाई वाढेल, परंतु शेजारच्या तेलुगू काकूंची बतुकम्मा, कन्नड आजीचा नैवेद्य आणि मराठी आराध्याचा जोगवा एकाच गल्लीत राहिला नाही, तर पेठेचे भवानीपण उणे होईल. देवळाचा जीर्णोद्धार वर्गणीने होतो. शेजारधर्माचा जीर्णोद्धार ज्याचा त्याने आपल्या उंबऱ्यावर करावयाचा असतो.

म्हणून यंदा रूपाभवानीच्या दर्शनास जाणाऱ्यांनी परतताना पेठेतील एखाद्या विणकराच्या दारी थांबावे, त्याच्या मागावरची चादर घ्यावी आणि त्याच्या घरच्या घटालाही हात जोडावेत. आईची ओटी तेथेही भरली जाते.