बुकिंगची पहिली भेट

हीथ्रो विमानतळाभोवतीच्या काही हॉटेलांत आता प्रवासी उतरत नाहीत. आश्रयाचा अर्ज केलेली कुटुंबं तिथे महिनोन्महिने राहतात. पश्चिम लंडनच्या हाउन्सलो भागातल्या बऱ्याच जणींचं बाळंतपण आयझलवर्थच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात होतं. त्याआधीच्या तपासण्या वस्तीतल्या दवाखान्यांत. अशाच एका दवाखान्यात मी हिंदी-उर्दूची दुभाषी म्हणून बसते.

गरोदरपणाच्या पहिल्या भेटीला इथे बुकिंग म्हणतात. समोर मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण), सतरा-अठराची मुलगी, शेजारी सासू किंवा नवरा. पाकिस्तानात वाढल्यामुळे उर्दू बोलणाऱ्या अफगाण मुली माझ्याकडे बऱ्याच येतात. पहिलाच प्रश्न जन्मतारखेचा, आणि कित्येकींच्या कागदावर १ जानेवारी, कारण मूळ नोंदच नाही. मुलगी सोळाची की एकोणिसाची, यावर पुढचं बरंच ठरतं. अठराच्या आत असेल तर कायद्याने ती अजून मूलच आहे, बालसंरक्षणाचा विचार करावाच लागतो. म्हणून मिडवाइफ घाई न करता वेगवेगळ्या बाजूंनी विचारते: शाळा कितवीपर्यंत, पाळी कधी सुरू झाली, लग्न कधी झालं. उत्तर सासू देते. मी तेही इंग्रजीत सांगते. मिडवाइफ ऐकून घेते आणि पुन्हा मुलीकडेच बघून विचारते.

मग शेवटच्या पाळीची तारीख. इथेच उशिराची खरी किंमत कळते. ही भेट १०व्या आठवड्यापर्यंत व्हावी, असं नाइस या संस्थेचं २०२१चं मार्गदर्शन आहे. दिवस नेमके मोजणारी सोनोग्राफी ११ ते १४ आठवड्यांत होते. पाचव्या-सहाव्या महिन्यात पहिल्यांदा आलेल्या मुलीची ती हुकलेली असते. पुढे बाळाचं वजन अडीच किलोंच्या खाली भरलं, तर ते दिवसांआधी जन्मलं की पोटातच नीट वाढलं नाही, हे ठामपणे सांगणं अवघड होतं. किशोरवयीन आयांमध्ये हे दोन्ही धोके जास्त असतात, शिवाय झटके येण्याचा आणि जंतुसंसर्गाचाही. पण सगळा दोष वयाचा नाही. आधीची उपासमार, अंगात नसलेलं रक्त आणि उशिरा मिळालेली काळजी यांचा त्यात मोठा वाटा आहे. वय बदलता येत नाही, पण काळजी लवकर देता येते.

रक्तदाब, लघवी, वजन, रक्ताच्या नळ्या भराभर उरकतात. एखादी सांगते, माझं हिमोग्लोबिन ९ होतं. इथे तेच ९० लिहितात, कारण मोजमाप डेसिलिटरऐवजी लिटरमागे असतं. मी आकडा ती म्हणाली तसाच सांगते आणि एकक विचारून घ्यायला सुचवते.

नंतर मिडवाइफ सासूला बाहेर बसायला सांगते. प्रत्येकीला काही मिनिटं एकटीने भेटायचंच, हा नियम. घरी भीती वाटते का? कुणी मारतं का? हे मूल तुला हवं होतं का? या मिनिटांसाठीच दुभाषी घरातला असून चालत नाही. नाइसच्या २०१०च्या मार्गदर्शनात विशेष काळजीच्या गटांत विसाच्या आतल्या मुली आहेत आणि नव्याने आलेल्या स्थलांतरित, आश्रय मागणाऱ्याही आहेत. समोरची मुलगी दोन्हींत मोडते. माझ्या मते अख्ख्या भेटीत एकटीने बोलायच्या या मिनिटांहून महत्त्वाचं काही नाही.

आणि मग एखादी पुढच्या तारखेला येतच नाही. कुटुंबाला दुसऱ्या शहरात हलवलेलं असतं. नवा दवाखाना, नवी मिडवाइफ, पुन्हा जन्मतारखेपासून सुरुवात. बीडहून ऊसतोडीला निघालेल्या कोयत्यातली, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीतली, कोवळी सून आठवते. तिचीही तपासणी गावाबरोबर मागे राहते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

पश्चिम लंडनमधल्या मराठी घरांत हिंदी-उर्दू जाणणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्यांनी दुभाष्याचं प्रशिक्षण घ्यावं, ही माझी कळकळीची विनंती. तेवढं जमणार नसेल, तर बसमध्ये, गुरुद्वाऱ्यात, दुकानात अशी मुलगी भेटल्यावर तिला एवढं सांगा: आश्रय मागणाऱ्यांना प्रसूतीची सेवा मोफत आहे, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायही थेट मिडवाइफकडे नाव नोंदवता येतं.