इंग्रजी लिहिताना ‘आपला’ आणि ‘त्याचा’ यांतील फरक का हरवतो?

‘प्रसाद विनयला आपल्या घरी घेऊन गेला’ या वाक्यात घर प्रसादचे आहे. ‘त्याच्या घरी घेऊन गेला’ म्हटले, की ते सहसा विनयचे ठरते. मराठीतील ‘आपला’ हे रूप कर्त्याकडे निर्देश करते. इंग्रजीत मात्र दोन्ही ठिकाणी ‘हिज’ हेच सर्वनाम येते. म्हणून ‘प्रसाद टुक विनय टू हिज हाऊस’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही संदिग्ध राहते. पोलीस तक्रारीत किंवा मामलेदार कार्यालयातील अर्जात ही संदिग्धता महागात पडू शकते. अशा ठिकाणी सर्वनामाऐवजी ‘प्रसादस् हाऊस’ असे स्पष्ट लिहावे.

‘वुई’चेही तसेच आहे. ‘आपण खर्च करू’ यात ऐकणारा सामील असतो. ‘आम्ही खर्च करू’ यात नसतो. इंग्रजीतील ‘वुई’ हा भेद दाखवत नाही. त्यामुळे करारपत्रात वा सोसायटीच्या नोटिशीत ‘वुई’ म्हणजे नेमके कोण, हे आधी नमूद करणे आवश्यक ठरते.

लिंगाच्या बाबतीत गोंधळ उलट दिशेने होतो. मराठीत पंखा ‘तो’, खुर्ची ‘ती’ आणि पुस्तक ‘ते’. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना सामान्यतः ‘इट’ पुरते. आदरार्थी अनेकवचनही इंग्रजीत नाही. ‘मंत्री आले, त्यांनी पाहणी केली’ याचे भाषांतर करताना एका मंत्र्यासाठी आदर म्हणून ‘दे’ लिहिणे चूक आहे. तेथे ‘ही’ किंवा ‘शी’ हवे. एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरतात, परंतु ते व्यक्तीचे लिंग अज्ञात असताना किंवा त्या व्यक्तीने स्वतःसाठी तेच सर्वनाम निवडले असताना. मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने 2019 चा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून ‘दे’चीच निवड केली होती.

राहिला प्रश्न ‘आय’ आणि ‘मी’ यांचा. उच्चार सारखा असला, तरी इंग्रजीतील ‘मी’ म्हणजे आपला ‘मी’ नव्हे, तर ‘मला’. ‘द ऑफिसर कॉल्ड माय ब्रदर अँड आय’ हे वाक्य तपासायचे असल्यास त्यातून भावाला क्षणभर वगळावे. ‘द ऑफिसर कॉल्ड आय’ कानाला खटकते. म्हणजे तेथे ‘मी’ हवे. ‘बिटवीन यू अँड मी’ हेही याच कारणाने बरोबर ठरते. ‘मायसेल्फ’ हे आत्मवाचक सर्वनाम आहे, त्यामुळे ओळख करून देताना ‘मायसेल्फ प्रसाद’ न म्हणता ‘आय अॅम प्रसाद’ म्हणावे.

मजकूर लिहून झाल्यावर प्रत्येक सर्वनामापाशी थांबून ‘हे कोणासाठी?’ असे विचारावे. दोन उत्तरे संभवत असतील, तर नाम पुन्हा लिहावे. पुनरुक्तीने वाक्य थोडे जड होईल. पण एकाचे कृत्य दुसऱ्याच्या माथी जाणार नाही.